लोंबी दुधात असताना

ओटाच्या रानात फेब्रुवारीच्या सुरुवातीला उभं राहिलं, तर हे पीक आता कापायचं आहे असं कुणाच्या मनातही येणार नाही. ताटं कमरेच्या वर गेलेली असतात, पानं रुंद आणि निळसर हिरवी, आणि नुकत्या निसवलेल्या लोंब्या बारीक देठांवर खाली झुकलेल्या. गव्हाची लोंबी ताठ, अंग चोरून उभी असते. ओटाची सैल आणि मोकळी. वाऱ्याच्या जराशा झुळकीने सगळं रान हलतं. एखादा दाणा नखाने दाबला तर बोटाला पांढरं दूध लागतं. ज्वारी असती तर आठ-दहा दिवसांत हुरड्याचा बेत ठरला असता आणि पुढे खळ्याचा. ओट वैरणीसाठी वाळवायचा असेल तर मात्र याच घडीला कापावा लागतो.

माझ्या सासऱ्यांना हे फार जड जायचं. ज्वारी-बाजरीत आयुष्य काढलेला माणूस. बांधावर उभे राहून ते म्हणायचे, "सूनबाई, आठ दिस दम धर. दाणा भरू दे की."

"आबा, दाणा भरला की ताटात काय राहतंय?"

"ताटात ताट राहतंय. कडबा काय वाईट असतोय?"

कडबा वाईट नसतोच, आणि आबांचं म्हणणं मी कधी उडवून लावलं नाही. भरत आलेल्या दाण्यावर विळा चालवणं हे धान्य पिकवणाऱ्या घराला अवघडच जाणार. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला तर अधिकच. पण त्या एका आठवड्यात रोपाच्या आत काय चाललेलं असतं ते पाहिलं की कापणीची घाई समजते. फुलोरा येईपर्यंत झाड जे काही कमावतं, ते पानांत आणि ताटात साठवतं: साखर, प्रथिनं, सगळं. दाणा धरला की हा साठा वर सरकू लागतो. ताट पोकळ होत जातं, त्याचा धागा टणक होतो, खालची पानं पिवळी पडून गळतात. दाणा पुरता पिकला की शेतात उरतं ते काड. वेळेवर कापून नीट वाळवलेल्या ओटाच्या चाऱ्यात साधारण नऊ-दहा टक्के प्रथिनं मिळतात. पिकलेल्या काडात त्याच्या निम्मीसुद्धा राहत नाहीत. निम्मं पीक फुलोऱ्यात आल्यापासून दाणा दुधात असेपर्यंतचे थोडे दिवस, एवढीच काय ती संधी.

मला यातली मोठी गोष्ट वेगळीच वाटते. ज्वारीच्या पिकात दाणा माणसाचा आणि ताट जनावराचं, ही वाटणी शेकडो वर्षांची आहे आणि ती शहाणपणाची आहे. पण तिच्यात जनावराची पंगत नेहमी दुसरी. ओट वाळवायला कापणारा माणूस गाईला पहिल्या पंगतीला बसवतो. चांगली जमीन, विहिरीचं पाणी, खत, रब्बीचा सगळा हंगाम तिच्या नावाने घालतो आणि त्यातला दाणासुद्धा आपल्यासाठी काढून घेत नाही. आपल्याकडे वैरण म्हणजे उरलेलं, बांधावरचं, फुकटचं असं समजायची सवय आहे. ती मोडायला एवढं एक पीक पुरे आहे.

कडब्याबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं, कारण वाळली वैरण राखायची विद्या आपल्याला त्यानेच शिकवली. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. तळहाताला फोड आणणारं काम. उपटलेली ताटं ओळीने आडवी टाकायची, कणसं खुडून घ्यायची आणि मग पेंढ्या बांधायच्या. पेंढी बांधायला सुतळी नाही की दोरी नाही. ज्वारीचीच दोन ताटं घ्यायची, पिळून त्यांचं आळं करायचं, पेंढीवर गुडघा दाबून आवळायचं आणि टोक आत खोचून द्यायचं. भल्या पहाटे, दवाने ताट मऊ असताना हे काम चालतं, कारण उन्हं वर आली की ताट पिळायला घेतलं तर तुटतं. माझी आई हे आळं डोळे मिटून वळायची. बाजारात कडब्याचा भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांवर, ठरतो आणि घेणारा आधी एक पेंढी उचलून वजनाचा अंदाज घेतो, मग आळं किती घट्ट ते पाहतो. पुढे गंज रचायची तीही अशी, की वरच्या थरांना बाहेरच्या बाजूला उतार राहावा आणि वळवाचं पाणी आत न मुरता घरंगळून जावं. चांगली रचलेली गंज पाऊसकाळ काढते आणि आतला कडबा पुढच्या वर्षीही पिवळाधमक निघतो.

पण ज्वारीचं राज्यातलं क्षेत्र १९८०च्या आसपास होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी झालं आहे. ऊस आला, सोयाबीन आलं, उपटणीला माणसं मिळेनाशी झाली. दुसरीकडे गोठ्यातली गाय बदलली. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरळी कांचनला बाएफ या संस्थेची उभारणी केली आणि पुढे संकरित गाय गावोगावच्या दावणीला आली. दिवसाला पंधरा-वीस लिटर दूध देणारी गाय नुसत्या कडब्यावर निभत नाही. चिपाडं गव्हाणीत तशीच सोडते. मग माणसं दुसऱ्या टोकाला गेली आणि नुसता हिरवा चारा कापून टाकू लागली. गाईचं शेण पातळ झालं, संकलन केंद्रावर फॅट घसरली, आणि दोष खुराकाला मिळाला. खरं कारण पोटात असतं. गाईच्या पहिल्या पोटाला खरखरीत धागा लागतो. धागा असला तर ती निवांत रवंथ करते, रवंथ केली की लाळ सुटते, लाळेने पोटातलं आम्ल आवरलं जातं आणि त्या धाग्यापासूनच दुधातली फॅट तयार होते. हिरव्यासोबत वाळलं हवंच. प्रश्न एवढाच, की ते वाळलं कोणत्या प्रतीचं असावं.

ओट वाळवणं कडब्यापेक्षा नाजूक काम आहे. ज्वारीचं ताट उभ्यानेच बरंचसं वाळलेलं असतं. ओट कापतो तेव्हा त्यात पंचाहत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं. ते पंधरा टक्क्यांच्या आसपास आणायचं, आणि तेही पान न गमावता. पान पातळ, ते एका उन्हात वाळतं. ताट जाड, त्याला वेळ लागतो. आणि सगळ्यांत शेवटी वाळतं ते ताटावरचं पेर. भर दुपारी चारा उलटला तर वाळलेली पानं चुरा होऊन मातीत जातात आणि हातात काड्या राहतात. बरीचशी प्रथिनं तर पानात. म्हणून उलटणी सकाळी, दव पुरतं उडायच्या आधी. आमच्याकडे फेब्रुवारीचं ऊन स्वच्छ असतं आणि हवा कोरडी, त्यामुळे काम सोपं होतं. तरीही कापलेल्या ओटावर एखादी अवकाळी सर आली तर रंग उडतो, वास जातो आणि खालचा थर काळा पडतो.

वाळलं की नाही हे ओळखायची माझी खूण पेराचीच. मूठभर ताटं उचलायची, मधलं एक पेर नखाने दाबायचं. ओल हाताला लागली तर चारा अजून पसरून ठेवायचा, वरून कितीही कुरकुरीत वाटला तरी. दुसरी एक परीक्षा आहे, ती घरात बसून करता येते. कोरड्या काचेच्या बरणीत चाऱ्याचे बारीक तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून चांगलं हलवायचं. मीठ बरणीच्या आतल्या अंगाला चिकटलं तर चाऱ्यात पाणी आहे. खाली सुटं राहिलं तर गठ्ठे बांधायला हरकत नाही.

गठ्ठे बांधायला ट्रॅक्टरमागचा बेलर येतो. सोयाबीनच्या भुसकटासाठी आणि उसाच्या पाचटासाठी हे यंत्र आता आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. आधी चारा ओळीत ओढून घेतात, मग बेलर त्या ओळीवरून चालत जातो. पुढचे दाते चारा उचलतात, आतला दट्ट्या तो ठोकून ठोकून चौकोनी करतो आणि मागून पंधरा-वीस किलोचा गठ्ठा जमिनीवर पडतो. माझी नजर दरवेळी गाठीवर खिळते. गठ्ठा पुरेसा लांब झाला की वाकड्या सुया खालून सुतळी घेऊन वर येतात, एक छोटी लोखंडी चोच सुतळीभोवती गर्रकन फिरते, दोन टोकं जबड्यात धरते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारून सुतळी कापते. ही गाठ मारणारी चोच अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबी यांनी १८७०च्या दशकात, कापलेल्या पिकाच्या पेंढ्या बांधण्यासाठी सिद्ध केली. आजच्या बेलरमध्येही तेच तत्त्व आहे. म्हणजे लोखंडाला गाठ शिकवायला त्या माणसाने आयुष्यातली कित्येक वर्षं घातली. मला ते यंत्र पाहताना त्याच्याबद्दल आदर वाटतो, आणि दोन ताटं पिळून आळं घालणाऱ्या बायकांबद्दल दुप्पट वाटतो; त्यांच्या गाठीचं पेटंट कुणी घेतलं नाही, आणि त्यांची मजुरी कायम सगळ्यांत शेवटी ठरली.

सुतळीबद्दल एक सांगायलाच हवं. गठ्ठा सोडताना सुतळी कापून तिथंच टाकायची नाही, खिशात घालायची. प्लास्टिकची असेल तर अधिकच सांभाळून. गाय जिभेने ओढून खाते, तिला ओठांनी निवडता येत नाही. जे समोर येईल ते आत जातं. पूर्वी परदेशात गठ्ठे तारेने बांधत आणि तारेचा तुकडा गाईच्या दुसऱ्या पोटाला भोक पाडून थेट काळजाच्या आवरणापर्यंत पोहोचे. आपल्या गोठ्यांतही तारा-खिळ्यांनी गाई जातात. दारातला गुराचा डॉक्टर हे कळवळून सांगतो, ऐकायला हवं.

ओल्या गठ्ठ्याची भीती याहून मोठी. घट्ट बांधलेल्या ओल्या चाऱ्यात बुरशी आणि सूक्ष्मजीव कामाला लागतात, आत ऊब धरते, उबेला बाहेर पडायला वाट नसते. सैल गंजीत वारा खेळतो, गठ्ठ्यात खेळत नाही. आधी चारा तपकिरी होतो, त्याला गुळाच्या पाकासारखा, तंबाखूसारखा वास येतो. असा चारा जनावर आवडीने खातं, म्हणून माणूस फसतो. पण त्या उष्णतेने प्रथिनं अशी जखडली जातात की गाईला ती पचत नाहीत. ऊब आणखी वाढली तर बाहेरून ठिणगी न लागता सगळी थप्पी पेट घेते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे थप्पीत लोखंडी सळई खुपसून ठेवावी, काही तासांनी ओढून हात लावून पाहावी. हाताला सोसवली नाही तर थप्पी लगेच मोकळी करायची.

आणि नायट्रेट. हा धोका कडब्याच्या घरात वाढलेल्यांना चकवतो, म्हणून जरा उलगडून सांगते. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन जनावर मरतं हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. ते विष ताट वाळलं की कमी होतं, म्हणून वाळवलं म्हणजे निर्धोक असा आपला ठाम समज. ओटाचं तसं नाही. युरिया भरपूर दिला आणि पाण्याचा ताण पडला, किंवा ताणानंतर एकदम पाऊस झाला, की ओट मुळांवाटे घेतलेलं नायट्रेट ताटाच्या खालच्या भागात साठवून ठेवतो, आणि ते वाळवल्याने जात नाही. हिरव्यात जेवढं तेवढंच गठ्ठ्यात. गाईच्या पोटात त्याचं रूप बदलतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं; रक्त चॉकलेटी दिसतं, जनावर धापा टाकत कोसळतं. उपाय अवघड नाहीत. युरिया एकदम न देता हप्त्याने द्यावा, ताणानंतर पाऊस झाला तर आठवडाभर कापणी थांबवावी, कापताना बुडखा थोडा उंच ठेवावा, आणि नवा चारा एकदम पोटभर न देता दुसऱ्या वैरणीत मिसळून सुरुवात करावी. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा.

ओट आपल्याकडे परका आहे असं अजून पुष्कळांना वाटतं. इंग्रजी अमदानीत तो घोड्याचं खाणं म्हणून ओळखला गेला. पुढे लष्कराच्या फार्मांवर गाईंसाठीही वाळल्या चाऱ्याचे गठ्ठे बांधले जात; पहिला असा फार्म १८८९ साली अलाहाबादला निघाला, पुण्याजवळ पिंपरीतही होता, आणि २०२१ मध्ये हे सगळे फार्म बंद झाले. एवढ्या वर्षांत ती पद्धत कुंपण ओलांडून शेजारच्या शेतकऱ्याच्या रानात फारशी आली नाही, याची मला हळहळ वाटते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले हरिता' हा ओटाचा वाण दिला, तो खास चाऱ्यासाठी. तेव्हा परकेपणाचा प्रश्न आता उरलेला नाही.

हे पीक कुठवर जाऊ शकतं ते ऑस्ट्रेलियात दिसतं. तिथे, विशेषतः पश्चिम आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात, ओट वाळवून त्याचे गठ्ठे दाबून आणखी लहान करतात आणि कंटेनर भरून जपानला पाठवतात. जपानमधली दुभती गाय समुद्रापलीकडचा ओट खाते. घेणारे रंग पाहतात, वास पाहतात, ताटाची जाडी पाहतात. कापणीनंतर पाऊस लागलेला चारा खालच्या प्रतीत जातो. एका रानगवताबरोबर विषारी जिवाणू चाऱ्यात येतात, म्हणून निर्यातीआधी त्याचीही तपासणी होते. वैरणीला धान्यासारखी प्रत असते आणि प्रतीप्रमाणे भाव असतो, हे तिथल्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलं आहे. त्याच देशात २०१८ साली सगळं न्यू साउथ वेल्स राज्य दुष्काळाखाली आलं, आणि वाळल्या चाऱ्याचे ट्रक शेकडो मैलांवरून तिकडे निघाले. साठा होता म्हणून ट्रक भरता आले.

आपल्याकडे दुष्काळात काय होतं ते माणदेशात आणि बीडकडे पाहिलं आहे. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने २०१२-१३मध्ये चारा छावणी चालवली, २०१९मध्ये पुन्हा उघडली. इतर संस्थांच्या आणि सरकारी मदतीच्या छावण्या निराळ्याच. माणसं घरदार सोडून जनावरांसोबत पालात राहिली. बायका तिथंच स्वयंपाक करत, पोरं तिथंच अभ्यास करत. दावणीला पडायचा तो ऊस आणि उसाचे वाढे. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते जनावराच्या अंगातला चुना खेचून नेतं. महिनोन्‌महिने त्यावरच राहिलेली गाय बसली की उठत नाही. या छावण्यांनी लाखो जनावरं वाचवली, त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण छावणीतली प्रत्येक दावण हेच सांगत होती की आदल्या बऱ्या वर्षात कुणी गंज रचलेली नव्हती. पाणी होतं तेव्हा ते उसाला गेलं. वैरण हे पीक आहे असं मानून तिला रान राखून ठेवलं गेलं नाही.

ओटाला पाणी लागतं, हा आक्षेप खरा आहे. पाच-सहा पाळ्या द्याव्या लागतात. पण त्या हिवाळ्यातल्या, आणि फेब्रुवारीत रान मोकळं होतं. उसाच्या वर्षभराच्या तहानेशी त्यांची तुलना होत नाही. कोरडवाहू रानात ज्वारीला पर्याय नाही, आणि तिथली ज्वारी टिकावी म्हणून जे करता येईल ते करायला हवं. थोडं पाणी हाताशी असलेल्या दूधवाल्या घरांपुढे मी ओट ठेवते आहे.

आबा आता थकलेत. परवा गोठ्यात खाटेवर बसले होते, तेव्हा गठ्ठ्यातली एक मूठ ओढून त्यांनी नाकाशी नेली. म्हणाले, "वास चांगला आहे." दाण्याचं त्यांना अजून वाटतंच, आणि ते वाटावं असं मलाही वाटतं. धान्याची ओढ नसलेल्या माणसाच्या हातात विळा देऊ नये.

ज्यांच्या दावणीला गाय आहे आणि विहिरीला दिवाळीनंतर पाणी राहतं, त्यांना एवढंच सांगणं आहे: या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दहा गुंठे ओटाला द्या. दहा किलो बी लागतं. रान चांगलं असेल तर चार-पाच टन हिरवा चारा निघतो आणि नीट वाळवला तर त्याचा एक टनाच्या आसपास वाळला चारा होतो. हिरव्याच्या जोडीला रोज पाच किलो दिला, तर एका गाईला तो सहा महिन्यांहून अधिक पुरतो.